ग्रंथालयात घडलेला महामानव : संशोधक बाबासाहेब

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सामाजिक शास्त्रांचे एक स्वतंत्र ग्रंथालय आहे. त्याचे नाव लेहमन ग्रंथालय. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अर्धपुतळा आहे. विद्यापीठाने या विद्यार्थ्याचा पुतळा ग्रंथालयात ठेवला, वाचणाऱ्यांच्या सोबतीला ठेवला, हे आम्हांला फार योग्य वाटते.

आपल्या गावोगावच्या पुतळ्यांतही बाबासाहेबांच्या हातात पुस्तक असते. आपण त्यांचे बोट पाहतो, कोट पाहतो, जयंतीला हार घालतो. त्या पुस्तकाकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. ते संविधान आहे एवढे आपण सांगतो आणि पुढे जातो. पण संविधान लिहिणाऱ्या हाताने त्याआधी चाळीस वर्षे काय वाचले, कुठे बसून वाचले, कोणती आकडेवारी जमवली, कोणते प्रबंध लिहिले, हे आपल्यातले किती तरुण सांगू शकतील?

शेगावच्या स्टेशनावरून दरवर्षी ६ डिसेंबरच्या आधी हजारो बांधव मुंबईला चैत्यभूमीकडे जातात आणि दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीकडे जातात. परतताना प्रत्येकाच्या पिशवीत निदान एक तरी पुस्तक असते. देशात दुसऱ्या कोणत्या महापुरुषाच्या स्मृतिदिनी इतकी पुस्तके विकली जात असतील, असे आम्हांला वाटत नाही. ही सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावली. म्हणून या लेखात आम्ही त्यांचे चरित्र एका वेगळ्या बाजूने सांगणार आहोत. चवदार तळे, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधान सभा हे सर्व आपल्याला पाठ आहे. इथे आपण भेटणार आहोत ते सामाजिक शास्त्रांचे संशोधक आणि ग्रंथालये उभारणारे बाबासाहेब.

दागिने गहाण पडले आणि पुस्तके घरात आली

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवलेले, स्वतः वाचणारे आणि मुलांना वाचायला लावणारे गृहस्थ. साताऱ्याच्या शाळेत वर्गाबाहेर बसावे लागले, पाणी शिवता आले नाही, हे आपण जाणतो. पुढे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आले. एका लहानशा खोलीत घरच्यांची गर्दी, चूल, धूर आणि त्यातच अभ्यास. रामजी मुलाला लवकर झोपवत आणि मध्यरात्रीनंतर उठवून अभ्यासाला बसवत, कारण तेवढाच वेळ त्या खोलीत शांतता असे.

मुलाला पाठ्यपुस्तकांपलीकडे वाचायचे वेड होते. पेन्शन तुटपुंजी. मग रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. त्यांच्याकडून उसने पैसे घेत, नाही तर त्यांचा दागिना आणून गहाण ठेवत आणि भीमरावांना हवे ते पुस्तक आणत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत करत. आंबेडकरी चळवळीचे पहिले ग्रंथालय असे बहिणींच्या दागिन्यांवर उभे राहिले. आजही आपल्या वस्तीत मुलाच्या शिक्षणासाठी मंगळसूत्र गहाण ठेवणाऱ्या आया आहेत. म्हणून ही गोष्ट आपल्याला जुनी वाटत नाही.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. ज्या ग्रंथांच्या आधाराने त्यांना अस्पृश्य ठरवले होते, ते ग्रंथ वाचण्याचीच बंदी होती. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत समजून घेतले आणि तेच ग्रंथ तपासायला घेतले.

चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्या वेळच्या सत्कार सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात पडलेले ते एक पुस्तक. त्याचे फळ जगाने १९५६ मध्ये नागपूरला पाहिले. योग्य वयात योग्य पुस्तक हातात देणारा माणूस किती मोठे काम करून जातो, याचा याहून मोठा पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

बडोद्यात ग्रंथालय होते, राहायला खोली नव्हती

केळुसकरांच्याच प्रयत्नाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव बी.ए. झाले. १९१३ मध्ये सयाजीरावांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची.

याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले होते. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावच्या वाचनालयांची व्यवस्था उभी केली. भारतातल्या सार्वजनिक ग्रंथालय चळवळीचा इतिहास सांगताना बडोद्याचे नाव आधी घ्यावे लागते. अमेरिकेतून ग्रंथपाल आणणारा आणि अमेरिकेला विद्यार्थी पाठवणारा राजा एकच होता.

पण राजाच्या मनात आले म्हणून समाजाचे मन बदलत नाही. १९१७ मध्ये भीमराव परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर आले, तेव्हा शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. कचेरीत शिपाई लांबून फायली फेकत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव विश्रामगृहावर आला आणि त्यांना बाहेर काढले. कोलंबियात प्रबंध लिहून आलेला हा पदवीधर एका बागेत झाडाखाली बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

शिक्षण मिळाले की जात आपोआप गळून पडते, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग नीट वाचावा. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने जीव दिला. बडोदा आणि हैदराबाद यांच्यात शंभर वर्षे गेली. विद्यापीठाची दारे उघडली, पण आत सन्मानाने राहता येण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

कोलंबियातला विद्यार्थी

१९१३ च्या जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे कोणी त्यांची जात विचारत नव्हते. बरोबरीने जेवता येत होते, बसता येत होते. सुरुवातीचे काही दिवस त्या मोकळेपणात गेले. मग आईवडिलांविना घर, पत्नी रमाई आणि मागे राहिलेला समाज आठवला आणि ते ग्रंथालयात जाऊन बसले. पुढची तीन वर्षे त्यांचा बहुतेक वेळ तिथेच गेला.

त्यांनी किती विषय घेतले ते पाहा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. पदवीसाठी एवढ्याची गरज नव्हती. पण भारतातली जात हा प्रश्न एका विषयाच्या चौकटीत मावत नाही, हे त्यांना फार लवकर समजले असावे. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन, इतिहासकार जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले.

१९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. जात म्हणजे व्यवसायांची वाटणी, जात म्हणजे वंशभेद, अशी उत्तरे त्या काळचे पंडित देत होते. भीमरावांनी ती बाजूला ठेवली आणि एका मुद्द्यावर बोट ठेवले. जातीचा प्राण आहे जातीतच लग्न करण्याची सक्ती. ही सक्ती टिकवायची तर जातीत स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली राहायला हवी. नवरा मेला की बाई उरते, बायको मेली की पुरुष उरतो. उरलेल्या बाईला सतीच्या चितेवर चढवा किंवा जन्मभर विधवा ठेवा, उरलेल्या पुरुषासाठी लहान मुलगी शोधा. म्हणजे सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन वेगवेगळ्या वाईट चाली नव्हत्या, जात टिकवण्याची ती तीन साधने होती. स्त्रीच्या गुलामीवाचून जात उभी राहू शकत नाही, हे त्यांनी शास्त्रीय पद्धतीने दाखवून दिले. हा निबंध १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. आज जातीबाहेर लग्न केले म्हणून मुला-मुलींचे खून पडतात, तेव्हा त्या निबंधातले विश्लेषण आपल्या डोळ्यांसमोर खरे होत असते.

१९१६ मध्येच त्यांनी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध कोलंबियाला सादर केला. तो पुढे वाढवून १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध केला. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि बाबासाहेबांनी तो सयाजीरावांना अर्पण केला. केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला, त्याचे टप्पे कोणते, प्रत्येक टप्प्यात प्रांतांच्या हाती काय उरले, हे त्यांनी १८३३ पासूनच्या सरकारी कागदांवरून मांडले. केंद्राने राज्याला किती द्यावे यावर आजही भांडण चालू आहे. त्याचा इतिहास शोधणाऱ्याला हा ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही.

समुद्रात गेलेली पुस्तके

अमेरिकेत असताना भीमराव सुटीच्या दिवशी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून फिरत. शिष्यवृत्तीच्या पैशातून घरी रमाईंना काही पाठवायचे आणि उरलेल्यात पोट भरायचे. त्यातूनही वाचवून त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके घेतली. ती भारतात आणण्यासाठी एका परिचिताकडे सोपवली, पण त्यातली बरीच त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. ते एका बोटीने निघाले, सामान दुसऱ्या बोटीने. पहिले महायुद्ध चालू होते. सामानाची बोट पाणतीराने बुडवली गेली आणि पेट्यांतली पुस्तके समुद्राच्या तळाला गेली. नुकसानभरपाईचे जे थोडे पैसे मिळाले, त्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च भागला.

दोनदा जमवले, दोनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली. आपल्याला पुस्तके परवडत नाहीत, असे वाटेल तेव्हा हे आठवावे.

लंडनचे दिवस

मुंबईत परतल्यावर शिकवण्या, सल्ला देण्याचा व्यवसाय, असे सगळे करून पाहिले. जात कळली की गिऱ्हाईक यायचे थांबे. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राज्यशास्त्रीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. दुसऱ्या कॉलेजांतील मुले त्यांचे व्याख्यान ऐकायला येत, आणि त्याच कॉलेजातील काही सहकारी प्राध्यापकांना त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावलेला चालत नसे.

त्याच वर्षी त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. आम्ही वऱ्हाडातले, कापसाच्या मुलखातले. हा लेख आपल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी मुद्दाम वाचावा. शेतीचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब आहे, तुकडे जोडा म्हणजे झाले, असे तेव्हाचे अर्थतज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी विचारले की शेत लहान की मोठे हे कशावरून ठरवायचे? बैल, अवजारे, पैसा आणि माणसे यांच्या प्रमाणात ते ठरते. भांडवल अपुरे आणि शेतीवर अवलंबून असणारी माणसे जादा, हे खरे दुखणे. त्यावर उपाय म्हणजे उद्योगधंदे वाढवून शेतीवरचा माणसांचा भार कमी करणे. शंभर वर्षांपूर्वीचे हे निदान विदर्भाच्या बाबतीत खोटे ठरले आहे असे कोणी म्हणू शकेल का?

३१ जानेवारी १९२० रोजी छत्रपती शाहू महाराजांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ सुरू झाला. त्याच वर्षी पगारातली शिल्लक, महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये घेऊन बाबासाहेब अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले.

लंडनचा त्यांचा दिनक्रम अनेक चरित्रकारांनी सांगितला आहे. सकाळी पाव आणि चहा घेऊन ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडण्याच्या वेळी दारात हजर. ते बंद होईपर्यंत तिथेच. शिवाय इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, विद्यापीठाचे ग्रंथालय. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. रात्री खोलीवर येऊन पुन्हा पहाटेपर्यंत वाचन. भूक लागली की भारतातून आणलेला पापड भाजून खायचा. इकडे मुंबईत रमाई ओढगस्तीत संसार रेटत होत्या. त्या काळातले प्रत्येक पान दोघांच्या उपाशीपणावर लिहिले गेले आहे, हे विसरता कामा नये.

१९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी.एस्सी.साठी सादर केला. परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला. ब्रिटिश राजवटीच्या चलन धोरणावर त्यात कठोर टीका होती. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ मध्ये प्रबंध स्वीकारला गेला आणि ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांना काही मते मान्य नव्हती. तरी त्यांनी प्रस्तावना लिहिली. विद्येच्या क्षेत्रात मतभेद असे सांभाळले जातात.

त्या प्रबंधात काय होते ते थोडक्यात सांगतो. सरकार मनाला येईल तितका रुपया काढू शकते, त्यामुळे रुपयाची खरेदीशक्ती ढासळते आणि महागाई वाढते. व्यापाऱ्याला आणि मालकाला त्यात फायदा होतो, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही, म्हणून मार बसतो तो मजुराला. केन्स यांच्यासारखा नामांकित अर्थशास्त्रज्ञ ज्या पद्धतीची बाजू घेत होता, तिच्याविरुद्ध या तरुणाने पुरावे उभे केले. १९२५ मध्ये चलनाच्या प्रश्नावर हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग आला, तेव्हा बाबासाहेबांची साक्ष झाली. चलनाच्या आकड्यांत त्यांना मजुराचा रिकामा डबा दिसत होता. सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाचा अर्थ आम्ही असा समजतो.

अभ्यास सोडून चळवळ नव्हे

१९२३ मध्ये ते भारतात परतले. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची उद्दिष्टे काढून पाहा. वसतिगृहे काढणे, वाचनालये काढणे, अभ्यास मंडळे चालवणे ही कामे त्यात अगदी सुरुवातीला येतात. १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले, मुंबईत मोफत वाचनालय सुरू झाले. महाडचा सत्याग्रह त्यानंतर, १९२७ मध्ये. पाण्याच्या हक्कासाठी मोर्चा काढण्याआधी त्यांनी लोकांसाठी वाचायची जागा तयार केली होती. याच १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. रीतसर प्रदान केली.

पुढे चळवळ वाढली, पण अभ्यास थांबला नाही. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी संघराज्याच्या प्रश्नावर व्याख्यान दिले. १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला. १९४६ मध्ये शूद्र पूर्वी कोण होते यावरचा, १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळावरचा. या दोन्ही ग्रंथांत ते वकिलाप्रमाणे पुरावा तपासतात. पुरावा जिथे तुटतो तिथे तर्क करतात आणि हा तर्क आहे हे वाचकाला मोकळेपणाने सांगतात. आपली बाजू न्यायाची आहे म्हणून पुराव्यात सूट घ्यायची नाही, ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तिथे त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरवर्षी तीन लाख रुपयांची तरतूद मिळवली, काही विद्यार्थी परदेशात पाठवले. आज आपण भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणून जो अर्ज भरतो, त्याचे मूळ तिथे आहे. शिष्यवृत्ती संपली म्हणून अर्ध्यातून परतण्याची वेळ स्वतःवर आली होती, ती पुढच्या पिढीवर येऊ नये ही त्यामागची तळमळ. आणि आज आपले संशोधक विद्यार्थी फेलोशिपच्या हक्कासाठी उपोषणाला बसतात, ही कोणाला शरम वाटावी अशी गोष्ट आहे!

राजगृह, सिद्धार्थ, मिलिंद

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. इमारतीचा आराखडाच पुस्तके डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. माणसे घरात पुस्तकांना जागा करतात, बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधले. परळच्या खोलीतला तो मध्यरात्रीचा दिवा इथपर्यंत आला होता.

पण खासगी संग्रहावर ते थांबले नाहीत. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या ग्रंथालयाकडे बाबासाहेबांचे जातीने लक्ष असे. ग्रंथपाल एस. एस. रेगे यांच्याशी त्यांचा पुस्तकांवरून नेहमी संपर्क असे. मंत्रिपदाच्या धकाधकीतही कोणते पुस्तक घ्यायचे याची त्यांना आठवण राही. त्यांनी हाताळलेली, खुणा केलेली पुस्तके आजही सिद्धार्थच्या ग्रंथालयात आहेत.

१९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे मिलिंद. आपल्या बुलढाण्याला लागून असलेला मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या राजवटीतून सुटला होता. उच्च शिक्षणाची सोय नगण्य. त्या माळावर नागसेनवन उभे राहिले आणि शेतमजुरांची मुले प्राध्यापक, लेखक, संशोधक झाली. ‘अस्मितादर्श’ चालवणारे डॉ. गंगाधर पानतावणे मिलिंदमध्येच शिकवत होते. नावेही पाहा. राजगृह, सिद्धार्थ, मिलिंद, नागसेन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू यांची नावे त्यांनी शिक्षणसंस्थेला दिली. प्रश्न विचारणे हीच विद्येची सुरुवात, हे सांगायला याहून चांगली नावे कोणती?

गाडगे बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा याच सोसायटीच्या हवाली केली. स्वतः अक्षरशत्रू असलेल्या संताने शिक्षणाच्या कामावर ठेवलेला तो विश्वास होता. आपला बुलढाणा जिल्हा ज्या अमरावती विद्यापीठात येतो, त्याला गाडगे बाबांचेच नाव आहे.

शेवटचे पुस्तक

बुद्ध आणि त्यांचा धम्म हा बाबासाहेबांचा शेवटचा मोठा ग्रंथ. प्रकृती खालावलेली, दृष्टी अधू झालेली, तरी काम चालू होते. पाली ग्रंथ वाचायचे म्हणून त्यांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करण्याचे कामही केले. साधे अनुवाद त्यांना पुरेसे वाटत नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. ती भावनेच्या भरात घेतलेली नव्हती. केळुसकर गुरुजींच्या पुस्तकापासून मोजली तर पन्नास वर्षांच्या वाचनाचा तो निष्कर्ष होता.

५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीतल्या घरी त्यांनी याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद तपासायला मागून घेतले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दोनच आठवड्यांनी गाडगे बाबाही गेले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला.

बाबासाहेबांनी मागे ठेवलेली अप्रकाशित हस्तलिखिते कित्येक वर्षे पेट्यांत कुलूपबंद राहिली. १९७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने समिती नेमली आणि १९७९ पासून त्यांचे लेखन व भाषणांचे खंड येऊ लागले. वसंत मून यांनी सरकारी नोकरीत राहून एकेक कागद मिळवला, जुळवला, छापून घेतला. हे खंड निघाले नसते तर बाबासाहेबांचे निम्मे लेखन आपल्याला वाचायला मिळाले नसते. कागद सांभाळणारा माणूस किती महत्त्वाचा, हे मून साहेबांनी दाखवून दिले.

आता आपले काम

शेगाव, खामगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात आज बहुतेक मोठ्या वस्त्यांत बुद्ध विहार आहे, काही ठिकाणी अभ्यासिका आहे. अभ्यासिकेत तरुण स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसतात. ते बसले पाहिजेत, नोकरी ही गरज आहे. पण तिथल्या कपाटात बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड आहेत का? असले तर शेवटचे कधी उघडले? समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास घेऊन एम.ए. करणाऱ्या मुलाला आपण काय फायदा म्हणून विचारतो. बाबासाहेबांनी हेच विषय घेतले होते, याचा आपल्याला विसर पडतो.

पीएच.डी. करणाऱ्या आमच्या मित्रमैत्रिणींनाही एक सांगणे आहे. पदवी नावापुढे लावण्यासाठी दुसऱ्याचा प्रबंध उतरवून काढणे हा बाबासाहेबांच्या पापडाचा आणि रमाईंच्या उपाशीपणाचा अपमान आहे. विषय आपल्या पायाखाली पडलेले आहेत. कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांची मजुरी, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींच्या शाळा, तीर्थक्षेत्राच्या गावातला रोजगार कोणाच्या हाती गेला, गायरान जमिनी कोणाच्या नावावर झाल्या. गावात जा, मोजा, विचारा, लिहून काढा.

आणि जुने कागद जपा. १९५६ ची दीक्षा घेतलेली पिढी आता जवळजवळ संपत आली. त्यांच्या घरातल्या ट्रंकांत जुनी पत्रके आहेत, सभेचे फोटो आहेत, जुन्या साप्ताहिकांचे अंक आहेत, भजनी मंडळांच्या वह्या आहेत. त्यांना वाळवी लागते आहे, रद्दीवाला घेऊन जातो आहे. प्रत्येक विहारात एक कपाट या कागदांसाठी ठेवा. त्यांची यादी करा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, उरलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्या आवाजात नोंदवा. गावातल्या एका मुलाला किंवा मुलीला ग्रंथालयशास्त्र शिकू द्या. चळवळीला वक्ते भरपूर मिळाले, आता ग्रंथपाल हवे आहेत.

येत्या १४ एप्रिलला डीजेच्या खर्चातला काही भाग बाजूला काढा. त्यात विहारासाठी बाबासाहेबांचे खंड आणि त्यांच्या अर्थशास्त्रावरचे ग्रंथ घ्या. महिन्यातून एका रविवारी बसून एक प्रकरण वाचा, समजले नाही तर वाद घाला. पुतळ्याच्या हातातले पुस्तक आपल्या हातात आले, तर जयंती खऱ्या अर्थाने साजरी झाली असे आम्ही म्हणू.

जयभीम! नमो बुद्धाय!